खाजणातलं लोणीफळ

सुंदराबाई कुठंही बसली तरी पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याकडे करून बसायची. कळंबोलीच्या सिडकोच्या घरात येऊन दोन वर्षं होत आली, तरी ही सवय गेली नव्हती. दूधवाल्यानं जरा जास्त माप घातलं तर ती दूध उकळून, त्यावरची साय बोटानं चाचपून बघायची. शेजारणीनं वाटीभर खीर दिली तर वाटी परत करताना काय द्यावं लागेल याच्याआधी, खीर आज का आली, हा प्रश्न तिच्या मनात यायचा.

तिचा नवरा गोटीराम तळोज्याच्या एका रसायनाच्या कारखान्यात कामाला होता. त्याला बायकोच्या या स्वभावाचं हसू यायचं, पण तो कधी मोठ्यानं हसला नाही. कारण त्याला माहीत होतं. अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात परभणीकडच्या त्यांच्या गावात बौद्धांची अकरा घरं जळाली, त्यात त्यांचंही होतं. जाळायला आलेल्यांत नामा होता. हा नामा त्या गावात सुंदराबाईच्या हातचा चहा पिणारा एकटाच वरच्या आळीचा माणूस. आगीच्या आदल्याच दिवशी तो ओट्यावर बसून, चहाला साखर कमी आहे म्हणून तक्रार करून गेला होता. त्या पावसात दोघं नऊ-दहा वर्षांच्या लेकीला घेऊन निघाली ती आधी दिघ्याला झोपडीत राहिली आणि मग नंबर लागला तेव्हा कळंबोलीला आली. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, त्याच्यामागं चार हात मोकळी जागा आणि कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडं गल्ली. सुंदराबाईला या घरातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर मागच्या खिडकीतून ती मोकळी जागा आणि गल्ली दोन्ही दिसायची, हे.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात गोटीराम एक हिरवं, लांबट, खडबडीत फळ घेऊन घरी आला. कारखान्यात श्यामसुंदर नावाचे म्हैसूरकडचे इंजिनियर होते, त्यांनी गावाहून आणून दिलं होतं.

"साहेबानं तुमालाच कामून दिलं?" सुंदराबाईनं विचारलं.

"मलाच नाही. चौघांला दिलं."

"चौघांलाच कामून?"

गोटीरामनं सुरी घेतली. त्यानं फळ कापलं. आत पिवळसर, मऊ, लोण्यासारखा गर आणि मधोमध कोंबडीच्या अंड्याएवढी गुळगुळीत बी. साहेबांनी सांगितलं होतं, साखर घालून खा, याला बटर फ्रूट म्हणतात. सुंदराबाईनं आधी नवऱ्याला खाऊ दिलं. मग भांडी घासली, कणीक मळली, आणि तेवढ्या वेळात त्याला काही झालं नाही हे बघून एक चमचा स्वतः खाल्ला. मग लेकीला दिला.

"साबणासारखं लागतं," ती म्हणाली.

लेक नंदिनी मात्र खुळावली. बारावीची परीक्षा झाली होती, नर्सिंगच्या प्रवेशाची वाट बघत ती घरीच होती. तिनं ती बी धुतली, खराट्याच्या तीन काड्या टोचून पाण्यानं भरलेल्या काचेच्या पेल्यावर अधांतरी ठेवली. पंधरा दिवस काही झालं नाही. महिना झाला. सुंदराबाई म्हणाली, मेलेली बी आहे, उगीच पेला अडकून पडलाय. सहाव्या आठवड्यात बी मधोमध तडकली आणि खालून पांढरं मूळ बाहेर आलं. वरून लालसर कोंब. ऑगस्टमध्ये नंदिनीला मुंबईच्या एका इस्पितळाच्या नर्सिंग शाळेत जागा मिळाली. हॉस्टेलवर जायच्या आदल्या दिवशी तिनं ते वीतभर रोप मागच्या मोकळ्या जागेत लावलं.

"माय, तुझ्या जिवावर ठेवून चालले," ती म्हणाली. "ते लोणीफळ आहे. दुसऱ्या कुणाकडं नाही पूर्ण कळंबोलीत."

दुसऱ्या कुणाकडं नाही, हे ऐकल्यापासून सुंदराबाईला घोर लागला. जे दुसऱ्या कुणाकडं नसतं त्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो, असं तिचं मत होतं. तिनं रोपाभोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. पानावर धूळ बसली की ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. रोज सकाळी चुलीआधी रोप. किती पानं होती, किती झाली. पावसाळाभर रोप असं वाढलं की दसऱ्याला तिच्या गुडघ्याच्या वर आलं. रविवारी नंदिनी आली तर माय तिला आधी रोपाकडं न्यायची, मग पाणी विचारायची.

दिवाळी झाली आणि पानांची टोकं करपायला लागली.

आधी एक पान. टोकाला तपकिरी, जणू कुणी विडी टेकवली. मग दुसरं. मग कडेनं सगळीच. सुंदराबाईनं पानं उलटी करून बघितली, कीड नव्हती. तिनं डोकं चालवलं. पावसाळाभर रोप ठणठणीत होतं. दिवाळीनंतर बिघडलं. मग दिवाळीनंतर असं नवीन काय झालं? आणि तिला लगेच उत्तर सापडलं. दिवाळीनंतर बयाबाई यायला लागली होती.

बयाबाई महामार्गापलीकडच्या कामोठे गावातली आगरीण. पन्नास-पंचावन्नची, हाडापेरानं मजबूत. पावसाळाभर ती भाताच्या कामात असायची. कापणी उरकली की डोक्यावर पाटी घेऊन कॉलनीत यायची. पाटीत वालाच्या शेंगा, मुळा, दुधी, आणि एका कडेला कागदात सुके बोंबील. मागच्या गल्लीत, नेमकी सुंदराबाईच्या भिंतीशी ती पाटी उतरवायची, कारण तिथं सावली होती. लायनीतल्या बायका तिथं जमायच्या. भाजी घेऊन झाली की बयाबाई लगेच उठायची नाही. भिंतीवर हात टेकून आतल्या मोकळ्या जागेकडं बघत बसायची.

एकदा ती म्हणाली होती, "हितं आमचा मोठा बांद व्हता, बाय. तुज्या मोरीच्या खालून जायचा. मागं सगला खाजन."

सुंदराबाईनं तेव्हा नुसतं हूं केलं. पण ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. आमचा बांद. म्हणजे ही जागा अजून आपलीच आहे असं हिला वाटतं. सरकारनं जमीन घेतली, त्याचा राग असणार. सरकारवर तर काही चालत नाही, मग राग कुणावर निघेल?

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीआडून बघत होती. बायका भाजी घेऊन गेल्या होत्या. बयाबाईनं इकडंतिकडं बघितलं, भिंतीवरून वाकून आत हात घातला, रोपाच्या बुंध्याजवळची चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. क्षणभर डोळे मिटले. मग थुंकून टाकली, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली, पाटी उचलली आणि गेली.

सुंदराबाईनं खिडकी लावून घेतली. ती तशीच खाली बसली.

करणी हा शब्द तिच्या मनात आला आणि त्याचीच तिला लाज वाटली. गावात तिच्या सासऱ्यानं घरातले सगळे देव टोपल्यात भरून नदीत सोडले होते. बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ होत्या. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या बायकांना तिनं स्वतः चार शब्द सुनावलेले होते. त्यामुळं गोटीरामला ती काही बोलली नाही. पण मनात राहवेना, म्हणून शेजारच्या सुचित्राकडं गेली. सुचित्रा कोकणातली, नवरा बँकेत क्लार्क.

"ती बयाबाई माझ्या झाडाला काहीतरी करते," सुंदराबाई म्हणाली. "मी पाहिलं. माती काढून तोंडात घातली, थुंकली अन् काहीतरी पुटपुटली."

सुचित्राचे डोळे मोठे झाले. "अहो, ही तर करणी. आमच्याकडे अशीच करतात."

इथं सुंदराबाईनं तिला थांबवायला हवं होतं. तसं काही नसतं म्हणून सांगायला हवं होतं. ती गप्प राहिली. शब्द आपण उच्चारला नाही ना, एवढ्यावर तिनं समाधान मानलं.

होळीपर्यंत ही गोष्ट पूर्ण लायनीत पसरली. बयाबाई आली, पाटी उतरवली, नेहमीसारखी हाक दिली. एकही दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी एका बाईनं आपल्या पोराला तिच्या समोरून ओढून घरात नेलं आणि कडी लावली. बयाबाई बराच वेळ त्या बंद दाराकडं बघत बसली. वालाच्या शेंगा उन्हानं मऊ पडल्या होत्या. चौथ्या दिवसानंतर ती आली नाही.

आता झाड सुधारेल म्हणून सुंदराबाई वाट बघत राहिली. उरलंसुरलं विष धुऊन जावं म्हणून गल्लीच्या टोकाच्या हापशावरून रोज दोन बादल्या आणून बुंध्याशी ओतायची. नळाचं पाणी तासभर यायचं, ते पिण्यालाच पुरत नव्हतं. हापशाचं पाणी मात्र हवं तेवढं. एप्रिलचं ऊन, तरी बाई दुपारी बादल्या ओढायची. पंधरा दिवस गेले. झाड सुधारलं नाही. उलट निम्मी पानं गळाली आणि शेंड्याचा कोंब काळा पडला.

मग संशय दुसरीकडं वळला. सुचित्रा कपड्याच्या सोड्याचं पाणी भिंतीवरून फेकत असेल? तिनं दोन दिवस सुचित्राच्या मोरीचं पाणी कुठं जातं ते बघितलं. गोटीरामच्या कामाच्या कपड्यांना कारखान्याचा वास यायचा, ते आपण मागंच वाळत घालतो, त्यातून काही ठिबकत असेल? तिनं कपडे पुढच्या बाजूला दोरी बांधून वाळत घातले.

"माझ्यावर पण वहीम का?" गोटीरामनं विचारलं.

"तुमच्यावर नाही. कपड्यावर," ती म्हणाली.

शेवटी तिनं एक उपाय केला. संध्याकाळी रोपाला पाणी घातलं, मग बारीक चाळलेली माती भोवताली हातभर पसरली आणि तळहातानं सपाट केली. कुणी आलं तर पाऊल उमटेल. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर पाऊल नाही, मांजराचं सुद्धा नाही. पण त्या काळ्या मातीवर पिठीसारखी पांढरी भुकटी पसरलेली.

सुंदराबाई घाबरली, आणि खोटं कशाला सांगा, तिला थोडं बरंही वाटलं. म्हणजे आपण वेड्या नाही. कुणीतरी खरंच टाकतं. तिनं ती भुकटी पोस्टकार्डाच्या कडेनं खरवडली, कागदात बांधली आणि गोटीरामच्या डब्याच्या पिशवीत टाकली.

"तुमच्या कारखान्यात तपासणारे आहेत ना? त्यांला दाखवा. कोणतं विष आहे ते सांगा म्हणावं."

गोटीरामनं दाखवलं. प्रयोगशाळेतल्या माणसानं पाण्यात विरघळवून, नळीत दोन थेंब टाकून बघितलं आणि सांगितलं की यात विषबिष काही नाही. मीठ आहे.

"मीठ," सुंदराबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर लगेच सुके बोंबील आले. मीठ कुणाच्या घरी पोत्यानं असतं? ती येत नसेल, पण कुणाला तरी पाठवत असेल. दुसऱ्या दिवशी गोटीराम कामावर गेला तशी ती पदर खोचून निघाली. कागदाची पुडी मुठीत. महामार्ग ओलांडला आणि कामोठ्याची वाट धरली. वाटेत काय काय बोलायचं ते तिनं तीनदा घोकलं.

बयाबाईचं घर कौलारू, शेणानं सारवलेलं. अंगणात ती जाळीवर बोंबील उलटत होती. सुंदराबाईला बघून तिनं हात थांबवला. बस म्हणाली नाही.

"हे काय आहे?" सुंदराबाईनं पुडी पुढं केली.

बयाबाईनं पुडी उघडली. बोट लावलं, जिभेवर टेकवलं. तशीच, डोळे मिटून. "मीठ. तुज्या झाराखालचा."

"तुला कसं कळलं माझ्या झाडाखालचं?"

"या मिठाला करवट चव हाय. खानाचा मीठ असा नसते. माजा बाप मिठागरान कामाला व्हता. माती चाखल्याबिगर आमी शेत पेरला नाय कंदी."

"मग टाकलं कोणी?"

बयाबाईनं पुडी मिटून परत दिली. "कोन टाकल? खालीच हाय ना. ती जागा खाजन, बाय. भरतीचा पानी यायचा तिथं. आमी बांद घालून भात पिकवाचो. मंग सरकारनं बांद फोरला, वर भराव टाकला, तुमची घरा बांदली. वर माती हाय, खाली खाडीच हाय. पावसान मीठ खाली जाते. ऊन परला का वर येते. तू पानी कंचा घालतंस?"

"हापशाचं."

"चाखलास?"

सुंदराबाईनं ते पाणी कधी चाखलं नव्हतं. भांड्याला आणि संडासाला वापरायचं पाणी, ते कोण चाखणार?

"मचूल पानी हाय ते," बयाबाई म्हणाली. "त्यानं भांडी घास. झार मरल."

ते पाणी मचूळ, खारट होतं. रोज दोन बादल्या. उन्हातान्हात, कंबर मोडेस्तोवर. घोकून आणलेलं सगळं बोलणं आता फुकट गेलं. बयाबाई पुन्हा बोंबील उलटायला लागली होती. पाठमोरीच ती म्हणाली,

"त्या दिशी माती चाखली, तेच सांगनार व्हते तुला. तवर तू सगल्यांना सांगून मोकली झालीस. मना ठाव हाय काय बोलतान तुज्या लायनीन. माज्या सुनंला दुकानावर इचारला एकीनं, तुजी सासू काय काय जानते म्हनून."

"मी तो शब्द नाही बोलले," सुंदराबाई म्हणाली.

"मंग कोन बोलला?"

अंगणात माशा घोंघावत होत्या. आपण आता नामासारख्या झालो, हे सुंदराबाईच्या ध्यानात आलं. चहा पिऊन गेलेला नामा. फरक एवढाच की नामाच्या हातात काडी होती आणि आपण नुसतं गप्प बसलो.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"मना सांगून काय व्हनार?" बयाबाई म्हणाली. "मना ठावच हाय का मी काय नाय केला."

झाडाचं काय करायचं तेही तिनं सांगितलं, पण माया दाखवून नव्हे. विचारणाऱ्या वाटसरूला रस्ता सांगावा तसं. आता उपटू नको. नळाचं पाणी घाल, थोडं थोडं. बुंध्याशी पेंढा टाक म्हणजे माती तापणार नाही. पाऊस लागला की मुळासकट मातीचा गड्डा उचल आणि गुडघाभर उंचीवर, डोंगरच्या तांबड्या मातीत बसव. खालचं मीठ तिथवर चढत नाही. एवढं सांगून ती घरात गेली.

परतताना सुंदराबाई आपल्या दारातून आत गेलीच नाही. सरळ सुचित्राकडं गेली, मग तिच्या पलीकडं, मग समोरच्या ओळीत. नऊ घरं. प्रत्येक दारात तेच सांगितलं, की मीठ जमिनीतून वर येतं, बयाबाईनं काही केलं नाही, मी खोटं बोलले. एवढं बोलताना तिची मान दर वेळी खाली जायची. ज्या बाईनं पोराला ओढून घरात नेलं होतं ती म्हणाली, "बरं झालं सांगितलं, माझ्या जिवाला लागलं होतं." दोघी-तिघी नुसत्या हं म्हणाल्या. सुचित्रा मात्र आवाज खाली करून म्हणाली, "तुम्हाला तिनं घरी बोलावून असं सांगायला लावलं का हो?"

"कुणी बोलावलं नाही. मी भांडायला गेले होते," सुंदराबाई म्हणाली.

सुचित्रानं मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की पटलेलं नाही. सुंदराबाईला तो चेहरा ओळखीचा वाटला. इतके दिवस तो तिचाच होता. या चेहऱ्याला कितीही समजावलं तरी उपयोग नसतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्या दिवसापासून नळाच्या पाण्यातला एक तांब्या झाडाला जाऊ लागला. गोटीराम सुट्टीच्या दिवशी सायकलवर डोंगराकडची तांबडी माती पोत्यातून आणायचा. जूनच्या मध्यावर, जमीन भिजल्यावर, नंदिनीही आली होती. तिघांनी मिळून विटांचा गोल कट्टा रचला, त्यात माती भरली आणि गड्डा उचलून वर बसवला. झाडावर तेव्हा चार पानं होती, तीही फाटकी. नंदिनी म्हणाली, "माय, जगेल असं वाटत नाही." सुंदराबाईनं बुंध्याशी पेंढा पसरला. श्रावणात करपलेल्या शेंड्याच्या खालून दोन कोवळे फुटवे निघाले.

त्या दिवाळीनंतर बयाबाई आली नाही. सुंदराबाई दोनदा कामोठ्याला जाऊन भाजी घेऊन आली. बयाबाईनं भाजी दिली, बोलली नाही. मार्गशीर्षात कधीतरी ती कॉलनीत दिसली, पण पलीकडच्या लायनीत. तिथं तिची पाटी भरभर रिकामी व्हायची. या लायनीतल्या तीन-चार बायका तिथं चालत जाऊन भाजी घ्यायला लागल्या. सुचित्रा गेली नाही. तिनं पनवेलच्या बाजारातून भाजी आणायला सुरुवात केली.

नव्वद साल उजाडायच्या आधीच्या थंडीत झाड भिंतीच्या वर गेलं होतं. पानं रुंद, गर्द, टोकं अजून थोडी तपकिरी, तेवढी खूण राहिलीच. फळ धरलं नव्हतं. श्यामसुंदरसाहेबांची बदली झाली होती, जाताना ते गोटीरामला म्हणाले होते की बीपासून वाढलेलं झाड आठ-दहा वर्षंही घेतं, कधी धरतही नाही. नंदिनीला इस्पितळात कायमची नोकरी लागली होती.

त्या थंडीत एका सकाळी मागच्या भिंतीवर पाटी टेकल्याचा आवाज झाला. सुंदराबाई बाहेर आली. बयाबाई पदरानं मान पुसत होती.

"तिकडचा गटार फोरलाय," ती म्हणाली. "बसाला जागा नाय."

"बसा की," सुंदराबाई म्हणाली.

बयाबाई भिंतीवर बसली. झाडाकडं बघितलं, पण मातीला हात लावला नाही. सुंदराबाईनं दोन कप चहा करून आणला, एक बयाबाईला दिला, आणि दुसरा घेऊन भिंतीवर टेकल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण बयाबाईशेजारी, गल्लीकडं पाठ करून बसलो आहोत. चहा पिऊन झाल्यावर बयाबाईनं पाटीतल्या शेंगांचा ढीग पुढं सरकवला. ऊन वर येईपर्यंत दोघी जणी वाल सोलत बसल्या.